टॉलरन्स

उद्यमनगरच्या मागच्या गल्लीत, भट्टीच्या डोक्यावर
हिंदुराव यवलुजे एका खोलीत राहतात.
वय एकोणऐंशी. काम : टर्नर.
मी पुढं 'निवृत्त' लिहिलं,
त्यांनी ते खोडायला लावलं.

पिशवीत माझ्या बारा प्रश्नांचा तक्ता,
खडूच्या चार रंगांच्या खोट्या गोळ्या,
एक डबी, आणि सात वारांचा सात खणी डबा.
माणूस आपली औषधं आपण घेऊ शकतो का,
हे पंचवीस मिनिटांत ठरवायचं असतं.

डबीचं झाकण दाबून फिरवायचं.
पोरांना उघडू नये म्हणून केलेलं ते झाकण
म्हाताऱ्यांनाच उघडत नाही, हे आम्हाला ठाऊक असतं.
त्यांनी दोन बोटांत उघडलं,
आतला आटा नखानं चाचपला :
"थ्रेड बरं पाडल्यात. माल हलका हाय."
मी लिहिलं, होय.

लेबल वाचा.
चष्मा कपाळावर, डबी खिडकीकडं, जराशी तिरकी,
एक डोळा मिटून,
उभ्या जन्मात व्हर्नियरवरची रेघ वाचली तशी.
होय.
सकाळी एक, रात्री दोन, भरून दाखवा.
भरल्या. मंगळवारचं झाकण नीट बसत नव्हतं,
ते आधी बसवलं, मग बुधवार.

आठवा प्रश्न.
गोळी घ्यायची विसरलात तर काय कराल?
"इसारलो, तर इसारलो हे मला कळंल कसं?"
खाली कुणीतरी पत्रा आपटला.
तक्त्यात 'उत्तर अयोग्य' असा एक रकाना आहे.
पेन तिथवर गेलं.
थोडा वेळ थांबलं.
टिंब पडलं तेवढंच.

मग म्हटलं, काका, आता तुमच्या खऱ्या गोळ्या.
ग्रीसचा जुना डबा, घासून लख्ख,
आत पाकिटं, रबर लावून, उंचीप्रमाणं.
रक्त पातळ करायची गोळी मी मोजली.
पुन्हा मोजली.
हिशेबानं ती परवा संपायला हवी होती.
डब्यात सहा उरलेल्या. सगळ्या अर्ध्या.
शेजारी करवतीच्या पात्याची घासून केलेली सुरी.
अशी अर्धी, की दोन्ही भाग तराजूत टाकले
तर काटा हलायचा नाही.

अकरावा प्रश्न योगायोगानं हाच होता :
गोळीचे दोन समान भाग करता येतात का?

"डॉक्टरनी अर्धी सांगितलीय?"
ते खिडकीबाहेर बघत राहिले. मग म्हणाले,
"पाकीट पेन्शनपतोर न्ह्यायचं असतंय.
आनि हे बघ, कुठलाबी जॉब एक्झॅक्ट नसतोय.
दोन-चार शतांश इकडं, दोन-चार तिकडं,
तरी पार्टी माल उचलती.
शरीराला बी कायतरी टॉलरन्स आसंलच की."

"ह्या गोळीला नाही, काका."

त्यांनी अर्धी गोळी तळव्यावर घेतली,
अंगठ्यानं उलटी केली, सुलटी केली.
पार्टीकडनं परत आलेला जॉब
असाच हातात घेत असतील,
कुणाचं चुकलं ते न विचारता.

बारापैकी अकरा. निष्कर्ष : सक्षम.
शेऱ्याची जागा दोन बोटांची.
'स्वस्त औषधांचं दुकान' एवढं तिच्यात मावलं,
पुढचं प्रश्नचिन्ह चौकटीबाहेर गेलं.

"लिवायलीस काय एवढं? पास का नापास?"
"पास."
"मग त्वांड का पाडलंयस?"

खाली येऊन गाडीला किल्ली लावली,
भट्टीचा ऊन वास, लोखंडाचा कीस चपलेत,
तर वरनं, कठड्यावर वाकून, हाक :
"पोरी, फुडच्या टायमाला पंचवीस तारखंच्या आत येऊ नगंस.
पेन्शन झाल्या झाल्या आलीस
तर माज्या डब्यात
सगळ्या गोळ्या पुऱ्याच घावतील."