इतवारीत, कूलरच्या दुकानावर

जिना अरुंद. खाली दिनबा बावणे
कूलरच्या मोटरी चालवून बघतो,
वर कुंदाताई वैरागडे तत्कार मोजतात.
मे महिन्यात दोन्ही आवाज
एकाच फरशीत मुरतात.

"काहून थांबली वं पोट्टे?"
"ताई, मोटरीनं सम चुकते."
"मोटरीला सम नसते. तुले आहे."

घुंगरांच्या पोतडीला
वाळ्याचा ओला वास.

एकदा भरदुपारी लाइन गेली.
पंखा, मोटर, गल्लीतलं वेल्डिंग, सगळं गप.
उरले अकरा जणींचे पाय
आणि खालून, पत्र्यावर पान्यानं
दिनबानं धरलेला ठेका.

तिहाई संपली
तेव्हा पाना आणि पाय
एकाच जागी थांबले.

ताई यावर कधी बोलल्या नाहीत.
त्या महिन्याचं भाडं
दिनबानं पहिल्या तारखेलाच मागितलं.