चौथं रीळ

डांडिया बाजारातून सायकलच्या कॅरियरवर
सुतळीने बांधून आणले मी सात डबे.
सूरसागराच्या वळणावर एकदा सांडलेसुद्धा.
फिल्म सोसायटीचा जपानी सिनेमा,
गेइशांचे दिवस आणि त्यांच्या प्रीतीचे घोळ.
वर्गणी तीन रुपये. पंखे बंद,
कारण पंख्यांत संवाद ऐकू येत नाहीत
(जपानी संवाद!).

कावेरीअक्का मागे, शेवटच्या लोखंडी खुर्चीवर.
त्यांना कुणी बोलावलं, आठवत नाही.
मांडीवर पानाची डबी,
पायांत मे महिन्यातही पांढरे मोजे.
त्यांची आजी तंजावरहून बडोद्याला आली
राणीच्या आहेरात:
इतक्या पराती, इतक्या समया,
दोन नाचणाऱ्या, एक मृदंग.
अक्का बोलत दरबारी मराठी,
ताल मात्र अजून तमिळमध्ये मोजत.

पडद्यावर एक पोर. चेहरा चुन्यासारखा,
फक्त मानेमागे
कातडीची दोन बोटं उघडी सोडलेली.
"तेवढीच जागा हिची स्वतःची,"
अक्का पुटपुटल्या.

खाली इंग्रजी अक्षरं पळत होती.
त्यांनी चष्माही लावला नव्हता.
"हा छत्रीवाला परत यायचा नाही."
नाहीच आला.
"ती थोरली आता हिच्यावर जळेल,
आणि मग हिचेच केस विंचरील."
विंचरले. बराच वेळ, काही न बोलता.

आणि मग एकदम, मोठ्याने:
"थांबवा हो. उलटं लागलंय."

पाध्येसर वळून म्हणाले, श्श.

"श्श काय? मघाशी हिची गळपट्टी पांढरी होती,
आता लाल दिसतेय.
लालाची पांढरी होते, मास्तर.
खात्याच्या वहीत माझ्या नावापुढचं 'उमेदवार'
कारकुनाने एकदाच खोडलं,
वर 'कायम' लिहिलं, साडेसात रुपये.
ते खोडलेलं परत कुणी लिहीत नाही."

यासीनभाईंनी दिवे लावले, डबे तपासले.
चौथं आधी. तिसरं नंतर.
पडलेल्या चिठ्ठ्या सूरसागराकाठी
मीच थुंकी लावून चिकटवल्या होत्या.

मग तिसरं पुन्हा पहिल्यापासून सुरू झालं.
ती पोर लाल गळपट्टीत जिना उतरली,
काहीच ठाऊक नसल्यासारखी,
आणि आम्हा चाळीस जणांना
सगळं ठाऊक.
छत्रीवाला हसून काहीतरी म्हणाला.
कुणी खोकलंसुद्धा नाही.

मी केबिनमध्ये चौथं रीळ
हाताने उलटं गुंडाळत होतो.
दारात अक्का. हातात डबी, पान न लावलेलं.
"असं फिरवताना दिसतं का रे आत,
ती मागं मागं जाताना?"

"नाही अक्का, दिवा नसतो लावलेला."

थोडा वेळ त्या चाकाकडे बघत राहिल्या.
मोज्यातला अंगठा फरशीवर हलत होता,
ओन्नु, रेंडु,

"मग फिरव," म्हणाल्या.