सव्वादोन

बुधवारी जुन्या बाजारात, कुंभारवेशीकडच्या टोकाला,
शब्बीर आतारच्या निळ्या ताडपत्रीवर
बिनचाव्यांची कुलुपं, शिलाई मशीनचे नुसतेच पाय,
आणि एक अमेरिकन डॉलर. चांदीचा. अठराशे एकोणनव्वदचा.

बाईचा चेहरा.
केसांत गव्हाच्या लोंब्या आणि कापसाची बोंडं माळलेली.
"खरा का रे?"
"वाजवून घ्या ना, मावशी."

मी बत्तीस वर्षं कॅशच्या पिंजऱ्यात काढली.
अंगठ्याच्या नखावर उडवला, कानापाशी.
खणखणीत.

शब्बीरला म्हटलं, हिच्या बहिणी इकडेच आल्या होत्या,
अठरा साली. पहिलं महायुद्ध चालू,
मुंबईत लोक नोटा घेऊन रांगेत,
कागद नको, रुपया द्या,
आणि सरकारी तिजोरीचा तळ दिसायला लागलेला.
तेव्हा अमेरिकेने पोत्यांत पडून राहिलेले डॉलर वितळवले,
कोट्यवधी,
आणि चांदी बोटींत घालून इकडे धाडली.
टांकसाळीत तिच्यावर पंचम जॉर्जचं डोकं उमटलं.
हिशेब मी एकदा पासबुकाच्या पाठीवर मांडला होता:
एका बाईतून सव्वादोन राजे.

"पाव राजा म्हणजे काय? दाढी की मुकुट?"
शब्बीर हसतो तेव्हा गिऱ्हाइकं वळून बघतात.

त्याला सांगितलं नाही ते असं, की
आईच्या पायांत तोडे होते,
अठराच्याच रुपयांचे, भोरच्या सोनाराने आटवलेले;
रुपये बावीस की चोवीस,
यावरून मावश्यांचा शेवटपर्यंत वाद.
बासष्ट साली शाळेच्या पटांगणात
युद्धनिधीचं टेबल मांडलं.
आईने साबण लावून तोडे उतरवले, तराजूत ठेवले.
घोट्यांभोवती फिकट वळी राहिली.
पुढे कित्येक दिवस चालता चालता थांबायची,
कुणी मागे राहिलंय का बघितल्यासारखी.

पावती आहे माझ्याकडे.
जांभळी शाई, सही लागत नाही.
चांदी देऊन कागद घेतल्याची
आमच्या घरातली ती एकच नोंद.

"बोल, किती?"
"पाच हजार."
"साडेतीन."
"मावशी, एवढी हिस्टरी सांगितलीत,
आता सहाच्या खाली कसा देऊ?"

मी पर्स बंद केली.
म्हटलं, थांब,
परत एकदा वाजवू दे.