तिसऱ्या गिअरची खोड

हाळीच्या बाजारात देवणी बैलाचा ओठ
उलटून दात मोजणारी मी
उदगिरात, बिदर रोडवर, मौलाली मिस्त्रीच्या पत्र्याखाली
दोन जुन्या जीपांपुढे गप्प उभी.

एक हिरवी. रंगाचा वास अजून ताजा,
सीटवर नवं रेक्झिन, आरशाला काळा गोंडा.
दुसरीचा रंग सांगता येत नाही:
चिखलाच्या आत चिखल,
त्याच्या आत बहुधा पांढरा.

'बसू नका आधी,' मौलाली म्हणतो. 'खाली वाका.'
मी पोत्यावर आडवी होते.
हिरवीच्या चॅसीवर तो पाना आपटत जातो,
टण, टण, टण,
आणि एकदम
भद्द.
'हितं आतून खाल्लंय, डॉक्टरबाई. वरून लांबी भरली.'
मालक व्यंकट बिरादारला
नेमका तेव्हाच फोन येतो.

मग मागच्या डिफरन्शियलचा बोल्ट.
आत बोट घालून
मौलालीनं ते माझ्या तळहातावर पुसलं.
तेलात भुसा. सागवानी असावा.
'दात झिजले की ओरडतंय ना.
भुसा टाकला की पंधरा दिस तोंड बंद.'

मला शिंगं आठवली,
तासून, घासून, तेल चोपडून
बारा वर्षांचा बैल सहाचा करणारे हात आठवले.
पण बैल स्वतःही दुखणं लपवतो.
लंगडं दिसलं की संपलं,
हे त्याच्या रक्तात कधीचं भिनलेलं.
जीप बिचारी सगळं सांगत असते.
तिला गप्प करायला माणूस लागतो.

'बाईमाणसाला कशाला एवढी गाडी?'
बिरादार फोन खिशात घालत विचारतो.

जुलैत, जळकोटच्या पलीकडे,
स्कूटी काळ्या रानात अर्ध्या चाकापर्यंत.
चपला हातात. तांडा दीड कोस.
मी पोचले तेव्हा
वासराचे दोन खूर बाहेर होते,
आणि गाय मान टाकून.

मी काही बोलले नाही.
'ती मळकी चालू करा,' म्हटलं.

मळकी विहिरी फोडणाऱ्या शिवराम मंजाळची.
मागच्या पत्र्यावर पहारींचे खड्डे,
पायाशी सुतळीची गुंडाळी, कुणाचीतरी एक वहाण.
इंजिनाच्या तेलाचं झाकण काढलं
तर फुसफुस धूर. थोडा. मोजून थोडा.
'दम हाय जरा. वयानं आपल्याला बी असतोय.'
खाली काळं थारोळं.
'गळतंय म्हंजे आत हाय. गळायचं थांबलं की मला फोन करा.'
स्टेअरिंग चार बोटं फिरलं तरी
चाकाला पत्ता नाही.
'किंगपिन. दोन दिसांचं काम.'
पुढच्या चाकांना जोर देणारा छोटा दांडा
मात्र लोण्यासारखा पडला.
शिवराम पहिल्यांदाच बोलला:
'तो रोज लागायचा.'

गॅरेजमागं टँकर धुतात, तिथल्या राबडीत
मी तिला मुद्दाम घातलं.
घसरली, तिरकी झाली, कण्हली,
आणि पुढच्या दोन्ही चाकांनी
चिखल चावत वर आली.
फक्त डांबरावर लागताच तिसरा गिअर
खट्कन निसटला.
'ही खोड जाणार नाही,' मौलाली म्हणाला,
'गिअरबॉक्स उतरवला तर खर्च गाडीएवढा.
हात ठेवायचा दांड्यावर. तेवढंच.'

शिवरामनं पैसे दोनदा मोजले.
वहाण राहू द्या म्हणाला.
जाताना बॉनेटवर हात ठेवला नाही, काही नाही,
बसस्टँडकडे चालू लागला.

किलोमीटरचा काटा एकसष्ट हजार चारशे आठवर
केव्हाचा थांबलेला.
पुढचं कुणीच मोजलेलं नाही.
म्हणून आजपासून डायरीत,
गाभण तपासणीच्या रकान्याशेजारी:
उदगीर ते जळकोट.
तिसरा दोनदा निसटला.
घाटात डावा तळहात दांड्यावर दाबून,
आतली थरथर कोपरापर्यंत येत होती,
तशीच येऊ दिली.