रातपाळीची थ्री फेज

इंजिनाचे तीन बोल्ट सुटले, चौथा सुटेना.
मुखरूमामानं त्यावर रॉकेल ओतलं
आणि सवयीनं बिडी काढली.
मी काडीपेटीच घेतली काढून.
बारा वर्षांचं तेल, धूळ, धावड्याचा भुसा
बोल्टाभोवती जमून दगड झालेला.
शेवटी छिन्नीनं डोकंच उडवलं त्याचं.

मशीन म्हणजे तरी काय,
एक आडवा गर्डर,
या टोकाला पाचर, त्या टोकाला दट्ट्या,
मधे ओंडका.
पाचर काहीच करत नाही.
नुसती उभी असते जागच्या जागी
आणि समोरचं दोन होतं.
मामी म्हणते, तुझ्या मामासारखी.

नागभीडच्या जब्बारभाईनं मोटर दिली,
बंद पडलेल्या कुठल्याशा राईस मिलची,
वायंडिंग नवं, पंख्याचं झाकण चेपलेलं,
फटींत अजून कोंडा.
"नवाचं इंजिन काढून पाचाची मोटर?
हे गाठ फोडन का गंजी शिजवन?"
मामानं असं पाहिलं माझ्याकडं
जसे ब्रह्मपुरीच्या आयटीआयनं
मला मार्क उधारीवर दिलेत.
मी म्हटलं, मामा,
इंजिन ओरडते तेवढं ओढत नाही.
तो म्हणाला, "आं?"

कपलिंगला दोन दिवस गेले.
शाफ्टासमोर शाफ्ट, केसाचाही फरक नको,
नाहीतर रबर खातं.
मोटरच्या पायाखाली पत्र्याचे तुकडे सारत गेले,
एक गोडेतेलाच्या डब्याचा,
एक मामाच्या जुन्या लुनाच्या नंबरप्लेटीचा,
त्यावरचा चार अजून वाचता येतो.

तिसऱ्या रात्री बाराला लाईन आली.
बटण दाबलं.
मोटर फिरली, दट्ट्या ढिम्म.
टाकीत तेलाला फेस.
मामा उठून उभा राहिला, "गेले पैसे."
उलटी फिरत होती, एवढंच.
मेन पाडला.
तीनपैकी कोणत्याही दोन वायरी
एकमेकींच्या जागी लावल्या.
पुस्तकात ही एक ओळ आहे,
परीक्षेत दोन मार्कांना येते.
त्या रात्री स्क्रू आवळताना
पेचकस हातातून दोनदा निसटला.

मग दट्ट्या आला.
सावकाश, इंजिनाच्या निम्म्यानंही नाही,
पण आला, ओंडक्याला टेकला,
आणि ऐन फाटताना ऐकू आला.
आधी बारीक करकर,
खाटेवर कुणी कूस बदलावी तशी,
मग कट्,
मग दोन फाळ्या मातीत पडल्याचे दोन वेगळे आवाज.
बारा वर्षं हे सगळं होत होतं
आणि आम्ही धुराडं ऐकत होतो.

मामाला मात्र पटेना.
दर ओंडक्याला हात मागं जायचा,
दोरी ओढायला, नसलेली.
मशीन चालू आहे की बंद
हे पाहायला गर्डरवर तळवा ठेवायचा,
तापलेल्या पोराच्या कपाळावर ठेवतात तसा.
आणि बोलायचा तो इंजिनाच्या वरच्या पट्टीत,
"पोट्टे! दुसरा आण!"
इस्तारीची कुत्री उठली,
मग इस्तारी,
मग कोवेकडच्या दिव्याचा उजेड.

तीनच्या सुमाराला धावड्याची गाठ लागली.
मोटरचा सूर खाली गेला,
आणखी खाली,
आणि टप् करून ब्रेकर पडला.
अंधार, गरम तेलाचा वास,
गाठीत अर्धी घुसलेली पाचर.

बारा वर्षं मी लांबून पाहिलेलं,
गाठ आली की मामाचे ओठ हलतात.
शिव्या देतो, असंच धरून होते.

"जोर नोको करू बाप्पा,"
तो म्हणत होता, अगदी हळू,
"बाजूनं घेतो तुले. बाजूनं."

मला म्हणत असेल म्हणून मी "हो" म्हटलं.
मला नव्हता म्हणत.
चाचपडत त्यानं ओंडका सोडवला, वळवला,
त्याच्या बुडाला हात लावून थांबला.
मी ब्रेकर उचलला.