एकतीस इंच

सियागंजच्या दुकानात शब्बीरभाईंनी शेडकार्ड उलगडलं
पत्त्यांच्या पंख्यासारखं.
एकशे बारा पांढरे:
मोतिया, दुधी, हस्तिदंती,
आणि एक ‘पहाटेचं धुकं’,
जे इंदूरच्या डिसेंबरातही मी कधी
त्या रंगाचं पाहिलेलं नाही.

अविनाशला चकचकीत हवा होता.
“पुसता येतो,” असं म्हणाला तो,
ज्यानं एकोणतीस वर्षांत
एकही भिंत पुसली नाही.
मला मॅट.

रईस पेंटर दोघांकडे बघून हसला.
“दीदी, ग्लॉस दीवार की चुगली करता है.”
खरंच आहे. चमक चहाडखोर.
प्रत्येक फुगवटा, प्रत्येक बुजवलेला खिळा
संध्याकाळच्या तिरप्या उजेडात बोलून दाखवते.
मॅट झाकतं सगळं,
पण फोडणीचा डागही पोटात घालतं
आणि परत देत नाही.

मधलं काही नाही का, मी विचारलं.
आहे ना. सॅटिन.
म्हणजे संसारात आम्ही इतकी वर्षं लावत आलो तेच.
नाव आज कळलं.

वॉशिंग मशीनवर तीन दिवस गेले.
निखिल हैदराबादहून स्टारचे हिशोब पाठवत राहिला,
पुढून उघडणारंच घ्या म्हणाला.
त्याला आठवण करून दिली
की आपल्याकडे नर्मदा एक दिवसाआड येते,
आणि वरून उघडणाऱ्यात बादली ओतता येते.

चिमणीवाला म्हणाला, आवाज फारच कमी,
दोन माणसं बोलतात तेवढाच.
म्हणजे आमच्या घरापेक्षा जास्त, मी म्हटलं.
अविनाश काही बोलला नाही.

मग गेंदालाल मिस्त्रीनं टेप ओढला
आणि विचारलं:
“ओटा कितना ऊँचा, बाईसाब?”

जुना छत्तीस.
सासूबाई पाच फूट सात, ताठ,
त्यांनी तो आपल्या कोपराच्या मापानं बांधून घेतला,
त्यात त्यांचं चुकलं काहीच नाही.
मी चार फूट दहा.
लग्नाच्या तिसऱ्या दिवशी पोह्यांसाठी
पायाखाली पाट घेतला.
तेव्हापासून माझा नि त्या ओट्याचा
छत्तीसचा आकडा,
अगदी टेपनं मोजून.

तीन पाट झिजले.
एकदा घसरले, घोटा टमाटर झाला.
सगळे म्हणाले, पाट नीट ठेवत जा.
ओटाच खाली आणावा
असं कोणाच्या मनात आलं नाही.
माझ्याही.

“स्टँडर्ड चौतीस असतो,” अविनाश म्हणाला.
ऋजुता व्हिडिओवरून म्हणाली, “आई, उद्या घर विकायचं झालं तर?”
हॉब चौतीसचा, ड्रॉवर चौतीसचे,
जगातली सगळी उकळती भांडी
बहुतेक चौतीसवरच उकळत असणार.

गेंदालाल टेप धरून उभा.
“हाथ मोड़ के दिखाओ.”
मी कोपर वाकवलं
आणि त्या उखडलेल्या, धुळीनं भरलेल्या खोलीत
हवेत एक पोळी लाटली.
त्यानं जमिनीपासून मोजलं, चार बोटं खाली सरकला,
कानामागची पेन्सिल काढून
उघड्या विटेवर रेघ मारली.
एकतीस.
कोणी काही म्हणायच्या आत
त्यानं आकड्याभोवती गोल केला.

आता भिंतींवर सॅटिन आहे.
एकशे बारातला कोणता पांढरा,
ते आम्हा दोघांनाही आठवत नाही.
पाट मशीनच्या एका पायाखाली गेला,
तिथली फरशी उतरती निघाली.

पहिल्या सकाळी पोहे भिजवून उभी राहिले
आणि पाय सवयीनं वर उचलला.
खाली पायरी नव्हती.
जरा झोल गेला, तशी धरायला
ओटा होता, हाताशी.

अविनाश आईसारखा उंच.
चहा गाळताना वाकतो, कंबर धरतो,
कुरकुरतो.
मी पाट देऊ म्हटलं असतं,
पण त्याला तर
खड्डा लागेल.