साडेतीन सेंटीमीटर

पहाटे पाचला ओहोटी लागली.
आम्ही एकोणीस बायका, कमरेपर्यंत रबरी विजारी,
हातात दाताळं, मागे दोरीनं ओढलेली बादली.
गालिसियाच्या या खाडीत थंडी खालून वर चढते,
आधी टाचेला, मग गुडघ्याला, मग बोलण्याला.
सातपर्यंत कुणी बोलत नाही.

माझ्या खिशात पितळेची एक पट्टी असते,
तिला साडेतीन सेंटीमीटरचं भोक.
या वर्षी तपासनीस मी. चिठ्ठी काढून ठरतं.
शिंपली भोकातून पडली तर ती लहान,
परत चिखलात.
अडकली तर आपली.
इतकं सोपं काम मला आयुष्यात दुसरं मिळालं नाही.

म्हणजे बघा,
एकतीस वर्षं मी या चिखलात वाकले,
आणि बेनिग्नोच्या कागदांवर, पत्नीचा व्यवसाय या रकान्यात
कारकुनानं लिहिलं: घरकाम.
मी म्हटलं, आणि शिंपल्या?
तो म्हणाला, बाई, ती वरकमाई.
नवऱ्यानं पेन पुढे केलं. मी सही केली.
माझं अक्षर चांगलं आहे.
तेच जास्त लागलं मला.

त्या सहीखालून बाहेर यायला बराच काळ गेला.
संघटना, सभा, लिलावाच्या दारात तीन दिवस बसणं,
ते सगळं सांगत नाही. सांगितलं की मोठं वाटतं,
आणि तेव्हा ते तसं नव्हतं. पाय दुखत होते.
साबेलाला हगवण लागली होती.

तर, मंगळवार.
एर्मितासच्या बादलीत अकरा लहान निघाल्या.
भोकातून एकामागून एक, टप, टप.
ती शेजारी उभी, दुसरीकडे बघत.
तिच्या डोळ्यांत सारा आलाय हे सगळ्यांना ठाऊक,
ती बोटांनी मापते, आणि बोटं थंडीत खोटं बोलतात.
वाळूवरची दोन टिंबं वाचायला
मला तिनंच शिकवलं होतं,
खाली कोण श्वास घेतंय ते.

दहापर्यंत नियम डोळेझाक करतो.
अकरावीला एक दिवस घरी.
एक शिंपली मुठीत राहिली असती तर कुणाचं काय जात होतं?
सतरा जणी एकदम आकाश बघू लागल्या.
मी वहीत लिहिलं:
एर्मितास. अकरा. एक दिवस.
पेन्सिल ओली होती, दोनदा गिरवावं लागलं.

बुधवारी मीही गेले नाही. मला दंड नव्हता, तरी.
तिच्या स्वयंपाकघरात जाऊन बसले, लसूण सोलू लागले.
माफीसाठी तोंड उघडणार तर म्हणाली,
"एक जरी लपवली असतीस
तर उद्यापासून माझी बादली कुणी तपासलीच नसती.
म्हातारी आहे, जाऊ दे.
जाऊ दे म्हणजे काय, तुला सांगायला हवं?
तुझ्या त्या कागदावरचं घरकाम."

मग ती खरोखरच चिडली,
पण वेगळ्याच गोष्टीवर:
मी सालं जमिनीवर टाकत होते.

रात्री पट्टी घेऊन घरभर हिंडले.
कोटाचं बटण. ऑलिव्ह. नातवाचा पडलेला दात.
बँकेच्या लॉकरची किल्ली आडवी धरली तर अडकली, उभी धरली तर गेली.
बोटं सुजल्यापासून लग्नाची अंगठी डब्यात असते,
तीही घालून पाहिली. आरपार पडली.
नियमाप्रमाणे समुद्रात परत टाकायला हवी होती.
टाकली नाही. तपासनीसाच्या घरी तपासनीस कोण येणार.

शुक्रवारी एर्मितास रांगेत सगळ्यांच्या पुढे.
बादली माझ्या पायाशी आपटली.
अंगठा एका बाजूनं सोललेला, रात्रभर
कशाकशाच्या कडा चाचपल्या असतील कोण जाणे.
नऊ निघाल्या.
"परत मोज," म्हणाली.
मागे सोळा-सतरा बायका गारठत उभ्या,
भरती पोटऱ्यांपर्यंत आलेली.
मी परत मोजल्या.
नऊच.